एर्मीनियूला पोहता येत नाही

एर्मीनियूला पोहता येत नाही.
चव्वेचाळीस वर्षं समुद्रावर काढली, तरीही.
पिकू बेटावर त्याच्या पिढीला वाटायचं,
पोहणं म्हणजे बुडायला जास्त वेळ लावणं.

तोच आमचा तांडेल.
पहाटे धक्क्यावरून बोट काढतो,
काळ्या दगडांची द्राक्षमळ्यांची कुंपणं मागे पडतात,
मग डोंगर, मग डोंगरावरचा ढग,
आणि काहीच नाही अशा एका जागी
इंजिन बंद करून म्हणतो, "हं. आलं."

खाली आठशे वाव.
आम्ही सोडतो वीस मीटर दोर, टोकाला शिसं,
आणि भोकं पाडलेल्या डब्यात माशांची डोकी.

नवख्यांना मी सांगते:
तळ शोधू नका. तळ आहे, पण तो तुमच्यासाठी नाही.
वर कुठे अन् खाली कुठे हे अंगाला विचारू नका,
अंग खोटं बोलतं.
बुडबुडे कुठे जातात ते बघा.
मनगटावरचा आकडा बघा. दोर बघा.
मुशी आली की हात छातीशी.

आणि मुशी येतेच.
ती लांबून येताना दिसत नाही.
आधी नसते, मग असते.
पाठीवर दौतीतली निळाई, मोठा काळा डोळा,
माझ्या फिनला नाक लावून बघते, सोडून देते.
मादीच्या पाठीवर नरांच्या दातांचे वण असतात,
म्हणून तिची कातडी नराहून जाड.
हे पहिल्यांदा कळलं तेव्हा
मी धक्क्यावर एकटीच खूप हसले होते.

"काय होतं खाली?" एर्मीनियू दर वेळी विचारतो.
"निळं."
"ते तर इथूनही दिसतं," म्हणतो,
आणि संत्रं सोलायला घेतो.

सप्टेंबरात एक वेइक्को आला होता,
फिनलंडचा, घड्याळं दुरुस्त करणारा.
सगळ्यांत नीट त्यानेच ऐकलं होतं,
आकडे पाठ म्हणून दाखवले होते.
मी मुशा मोजत होते. तीन, चार,
वळले, तर दोराजवळ तो नव्हता.

माझ्या पायांखाली, जिथे उन्हाचे किरण
एका बिंदूकडे मिटत जातात,
तिथे तो उभा होता. अगदी सरळ,
हलत नव्हता. फक्त लहान होत होता.
समोर सॅल्पांची माळ, काचेच्या नळ्या
एकीला एक जोडलेल्या,
प्रत्येकीत केशरी ठिपका, दिव्यातल्या वातीएवढा.
माळ उतरत होती. तो तिच्याबरोबर.

घाबरलेला माणूस मला ओळखता येतो,
तो हातपाय झाडतो, पाण्याला कळतं.
हा घरात बसल्यासारखा बुडत होता.
एक्केचाळीस मीटरवर त्याचा पट्टा माझ्या मुठीत आला,
आणि त्याने काचेआडून पाहिलं माझ्याकडे
इतक्या आनंदाने
की क्षणभर मलाच वाटलं
मी कुणाची तरी पूजा मोडते आहे.

वर आणलं. हळूहळू, थांबत,
शेवटच्या पाच मीटरवर सहा मिनिटं जास्त.
मुशा तोवर कंटाळून गेल्या होत्या.

बोटीत वेइक्को ब्लँकेटात गप्प.
बाकीचे फोटोंवर वाकलेले.
एर्मीनियूने आज विचारलं नाही काय होतं खाली.
"सहा ठिकाणी पाणी पांढरं होत होतं," तो म्हणाला,
"तुमच्या बुडबुड्यांनी. मी मोजत असतो.
मग चारच राहिली."
एवढंच बोलला, आणि दोर गुंडाळू लागला.

तेव्हा मी पाहिलं, तो अनवाणी होता.
सुकाणूजवळ त्याचे बूट,
नाड्या सोडून, आत मोजे कोंबून,
शेजारी शेजारी ठेवलेले.
वरती त्याचं घड्याळ.

"बूट का काढलेस?"
उत्तरेचा वारा होता, हातांवर काटा आणणारा.
"पाय गरम झाले होते, झुल्मीरा," म्हणाला,
आणि बसला खाली,
एक एक बूट घालत,
माझ्याकडे पाठ करून.